ग्रंथालयाचे वर्ष
(शताब्दी महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



शताब्दीचा समारंभ म्हटला की सर्वांची दृष्टी साहजिकच मागे वळते. संस्थापकांच्या तसबिरींना हार घातले जातात, जुनी इतिवृत्ते काढून वाचली जातात आणि ज्यांनी पदरमोड करून पहिली कपाटे उभी केली त्यांचे कृतज्ञतापूर्वक स्मरण होते. हे सर्व उचितच आहे. परंतु ग्रंथालयाचा गौरव शतकाने होत असला, तरी ग्रंथालय जगते ते एकेका वर्षाने. शंभर वर्षे म्हणजे शंभर वार्षिक अहवाल. प्रत्येक अहवालात सभासदसंख्या, ग्रंथसंख्या, देवघेवीचे आकडे, जमाखर्च आणि वर्षभरात पार पडलेल्या कार्यक्रमांची यादी असते. ती यादी वाचताना दोन प्रश्न मनाशी धरावेत. या वर्षात ग्रंथालयाने कोणासाठी काय केले, हा पहिला. ज्याच्यासाठी काही करता आले असते असा कोण दाराबाहेर राहिला, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अहवालात सापडते. दुसऱ्याचे उत्तर बहुधा कोठेच लिहिलेले नसते. ग्रंथालयाच्या एका वर्षाचा विचार या दुसऱ्या प्रश्नाच्या अंगाने करावा, हा प्रस्तुत व्याख्यानाचा हेतू आहे.

मराठी मुलखातील ग्रंथालयांचा इतिहास जुना आहे. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे १८४०चे, पुण्याचे आणि बेळगावचे १८४८चे. यांपैकी अनेकांची आरंभीची नावे ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ अशा धर्तीची होती. इंग्रज अधिकाऱ्यांचे प्रोत्साहन, नवशिक्षित एतद्देशीयांची वर्गणी आणि वृत्तपत्रे वाचण्याची हौस यांतून ती जन्मली. पुढे मराठी ग्रंथांचा साकल्याने संग्रह करण्याची निकड जाणवली. विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने १८९३ साली ठाण्यास, तर १८९८ साली मुंबईस मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. या सर्व संस्थांनी फार मोठे कार्य केले. तरीही त्यांच्या मूळ घडणीत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. वाचक ग्रंथालयाकडे येईल, वर्गणी भरील आणि पुस्तक नेईल. जो येणार नाही, त्याचा विचार करण्याचे प्रयोजन त्या काळी कोणास फारसे वाटले नाही.

तो विचार ज्या संस्थानाने प्रथम व्यवस्थितपणे केला, त्याच्या गादीवर एक मराठी राजा होता. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला. बडोदे शहरात मध्यवर्ती ग्रंथालय झाले. परंतु त्या योजनेचे खरे वैशिष्ट्य शहराबाहेर होते. निवडक पुस्तके भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव पाठविल्या जात, काही काळ तेथे ठेवल्या जात आणि पुढे दुसऱ्या गावी नेल्या जात. गावात कायमचे वाचनालय हवे असल्यास त्याची रीतही ठरलेली होती. खर्चाचा एक हिस्सा गावकऱ्यांनी जमवावा, तितकाच स्थानिक पंचायतीने घालावा आणि तितकाच सरकारने द्यावा. या तिहेरी वाटणीत मोठे शहाणपण होते. गावाने आपला हिस्सा घातल्यामुळे ते वाचनालय गावाचे होई, आणि सरकारने आपला हिस्सा घातल्यामुळे ते गावाच्या उत्साहाच्या भरती-ओहोटीवर सर्वस्वी अवलंबून राहत नसे.

वाचकाकडे पुस्तक नेण्याची ही कल्पना त्या काळी जगात इतरत्रही रुजत होती. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात मेरी टिटकोंब या ग्रंथपाल बाईंनी १९०५ साली घोड्यांच्या गाडीवर फळ्या बसवून शेतवस्त्यांपर्यंत ग्रंथ पोहोचविले. ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथरूपाने मांडली, आणि त्याच वर्षी तमिळ प्रांतातील मन्नारगुडी येथे त्यांच्याच प्रेरणेने बैलगाडीवरचे ग्रंथालय खेड्यांतून फिरू लागले. प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा आणि प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळावा, हा त्या सूत्रांतील गाभा बैलगाडीच्या चाकांवर चढला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. आजच्या काळात नाशिकहून २००९ साली विनायक रानडे यांनी कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या आश्रयाखाली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही ग्रंथपेट्यांची योजना सुरू केली, आणि त्या पेट्या महाराष्ट्राच्या व भारताच्याही सीमा ओलांडून परदेशस्थ मराठी कुटुंबांपर्यंत गेल्या. शंभर वर्षांचे अंतर असूनही बडोद्याची लाकडी पेटी आणि नाशिकची ग्रंथपेटी यांचे नाते सख्खे आहे.

आता या भूमीकडे वळावे. हुबळी-धारवाडच्या मराठी वाचकाची स्थिती पुण्या-नाशिकच्या वाचकासारखी नाही, आणि तिच्या मागे दीर्घ इतिहास आहे. पेशवाईपासून आणि पुढे इंग्रजी अमदानीच्या आरंभीही या भागात शाळा आणि कचेरी यांत मराठीचा वरचष्मा होता. कन्नडची उपेक्षा होत आहे या जाणिवेतून रामचंद्र हणमंत देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९० साली धारवाड येथे कर्नाटक विद्यावर्धक संघाची स्थापना केली. येथील मराठी संस्थेने हा इतिहास विसरता कामा नये. आपली भाषा मागे पडते आहे ही वेदना या भूमीवर प्रथम कन्नड माणसाने अनुभवली आणि तिच्यावर त्याने संस्था उभारून उत्तर दिले. आज तशीच काळजी येथील मराठी वाचकास वाटत असेल, तर त्याला अनुकरणासाठी दूर पाहण्याची गरज नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला; १९७३ पासून त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. या बदलाचा ग्रंथालयांवर झालेला परिणाम फारसा चर्चिला जात नाही. ग्रंथालयाचा पहिला कायदा करण्याचा मान १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने मिळविला होता. त्यानंतर कर्नाटकाचा कायदा १९६५ साली झाला आणि महाराष्ट्राचा १९६७ साली. या दोन कायद्यांचे मार्ग भिन्न आहेत. महाराष्ट्राने लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांना वर्गवारीनुसार अनुदान देण्याची रीत स्वीकारली. अ, ब, क, ड हे वर्ग तेथील प्रत्येक ग्रंथपालाच्या तोंडी असतात. कर्नाटकाने मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर घेऊन शासनाचीच शहर व जिल्हा मध्यवर्ती ग्रंथालये चालविण्याची रीत मुख्यतः अंगीकारली. परिणामी येथील मराठी ग्रंथालयाचा संसार बहुतांशी सभासदांच्या वर्गणीवर आणि आश्रयदात्यांच्या औदार्यावर चालतो. आणि येथील मराठी गृहस्थ घरपट्टीसोबत जो उपकर भरतो, त्यातून शहरातील सार्वजनिक ग्रंथालय चालते. म्हणजे तो दोन ग्रंथालयांचा पोशिंदा आहे. ही तक्रारीची बाब समजू नये. त्याच्या मुलांना कन्नड व इंग्रजी ग्रंथ शासकीय ग्रंथालयात मिळतात, म्हणूनच मराठी ग्रंथालयाने आपली अल्प शक्ती जे अन्यत्र मिळत नाही तेथे लावावी, एवढाच त्याचा अर्थ.

ती शक्ती कोठे लावावी, हे पाहण्यासाठी गोकुळ रोडचे उदाहरण पुरेसे आहे. गोकुळ गावाच्या नावाने ओळखला जाणारा हा रस्ता हुबळीच्या जुन्या पेठांहून सर्वस्वी निराळा आहे. विमानतळ याच रस्त्यावर, मोठे बसस्थानक याच रस्त्यावर, वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाचे मध्यवर्ती कार्यालय येथेच आणि औद्योगिक वसाहतही येथेच. दुतर्फा आतल्या बाजूस नव्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. हुबळीस रेल्वेचा कारखाना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला, तेव्हा त्याच्यामागोमाग नाना भाषांची माणसे या शहरात आली. पुढे २००३ साली नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्यालयही येथे झाले. उद्योग, वाहतूक आणि व्यापार यांवर पोसलेल्या अशा शहरात मराठी बोलणारा माणूस कारखान्याच्या पाळीवर असतो, यंत्रांच्या सुट्या भागांचे दुकान चालवितो, बस हाकतो, बँकेत बसतो, शिवणयंत्रावर असतो किंवा निवृत्त होऊन मुलाच्या सदनिकेत तिसऱ्या मजल्यावर राहतो. ग्रंथालयाची पारंपरिक वेळ सकाळी दोन-तीन तास आणि सायंकाळी दोन-तीन तास. पाळीवरच्या कामगारास ती सोयीची नाही, दुकानदारास नाही, आणि गुडघे धरलेल्या आजीबाईंना तर तो रस्ता ओलांडणे हेच संकट. ही माणसे वाचत नाहीत असे म्हणण्यापूर्वी त्यांच्यापर्यंत पुस्तक कधी गेले होते काय, हे विचारले पाहिजे.

ग्रंथालयाचे वर्ष या माणसांना डोळ्यांसमोर ठेवून मांडले, तर ते कसे दिसेल?

वर्षाचा आरंभ चैत्रात होतो, आणि या शहरात तो सुदैवाने दोन्ही भाषांचा एकाच दिवशी होतो. गुढीपाडवा आणि युगादी ही एकाच तिथीची दोन नावे आहेत. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २३ एप्रिलला, युनेस्कोने १९९५ पासून ठरविलेला जागतिक ग्रंथदिन येतो आणि शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागलेली असते. बालविभागाचे वर्ष येथून सुरू व्हावे. सुट्टीतील शिबिर म्हणजे चित्रकला आणि हस्तकला असा समज रूढ झाला आहे. ग्रंथालयाने मात्र त्या चार-सहा आठवड्यांत एकच काम हाती घ्यावे: मुलांना मराठी वाचावयास शिकविणे.

या कामाची अडचण वाटते तितकी मोठी नाही. हुबळी-धारवाडच्या कित्येक मराठी घरांत मुले मराठी उत्तम बोलतात, पण शिक्षण कन्नड वा इंग्रजी माध्यमातून झाल्याने मराठी पुस्तक उघडीत नाहीत. पालक मान हलवून म्हणतात की मुलांना मराठी येत नाही. हे अर्धसत्य आहे. ज्या मुलाने शाळेत हिंदी शिकली आहे त्याला देवनागरी लिपी येते. कानावर मराठी आहे. जिभेवर मराठी आहे. राहते ते एवढेच की ‘ळ’ला आणि ‘ऱ्य’ला सरावणे, ‘च’ आणि ‘ज’चे दोन उच्चार ओळखणे, आणि हिंदीच्या वळणाने शब्द न वाचणे. कन्नड जाणणाऱ्या मुलास ‘ळ’ तर घरचाच आहे. रोज अर्धा तास मोठ्याने वाचून घेणारे एखादे निवृत्त शिक्षक वा शिक्षिका मिळाल्यास असे मूल सुट्टीअखेर गोष्टीचे पुस्तक स्वतः वाचू लागेल, अशी अपेक्षा बाळगण्यास हरकत नाही. दहा मुले अशी तयार झाली, तर त्या वर्षीचे ते सर्वांत मोलाचे कार्य ठरेल. कारण आजचा सभासद बहुधा साठीच्या पुढचा आहे, आणि पुढील पिढीस वाचता येत नसेल तर सर्वोत्तम संग्रहही कुलूपबंद राहणार.

पावसाळा हा घरी राहण्याचा काळ. आषाढ-श्रावणात घरपोच सेवेचा आरंभ करावा. ज्यांना जिना उतरवत नाही, ज्यांच्या घरी रुग्ण आहे, ज्या गृहिणींना संध्याकाळची वेळ मिळत नाही, त्यांची एक यादी तयार करावी आणि आठवड्यातून एकदा पिशवी घेऊन जाणारा एक विद्यार्थी मानधनावर नेमावा. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत ग्रंथालयांची दारे बंद झाली, तेव्हा वाचकाच्या घरापर्यंत पुस्तक नेण्याचे महत्त्व सर्वांनाच पटले. कर्नाटकात त्याच वर्षी ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांतून मुलांसाठी ‘ओदुव बेळकु’ म्हणजे वाचनाचा प्रकाश ही योजना सुरू झाली आणि मुलांना विनामूल्य सभासद करून घेण्यात आले. संकट ओसरल्यावर अनेक ठिकाणी घरपोच सेवा मात्र थांबली. वृद्धाची टाळेबंदी संपलेली नाही, ही गोष्ट ध्यानात घेऊन ती पुन्हा चालू झाली पाहिजे.

डोळ्यांनी अधू झालेल्या वाचकांचा येथेच विचार करावा. भारताच्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी ग्रंथाच्या वाचनसुलभ प्रती, विनानफा तत्त्वावर, तयार करण्याची मुभा दिली. अंधांसाठीच्या मराकेश करारास २०१४ साली प्रथम मान्यता देणारा देश भारतच होता. ग्रंथालयात सुस्पष्ट वाचणाऱ्या सभासदांची वाण नाही. त्यांनी महिन्याला एक पुस्तक ध्वनिमुद्रित केले, तर वर्षाकाठी बारा ग्रंथ अशा वाचकाच्या कानी पडतील. त्यासाठी लागणारे यंत्र आज प्रत्येकाच्या खिशात आहे.

१२ ऑगस्टला रंगनाथन यांच्या स्मरणार्थ ग्रंथपालदिन पाळला जातो, त्यानंतर गणेशोत्सव येतो आणि कार्यक्रमांचा हंगाम सुरू होतो. व्याख्यानमालेची परंपरा मराठी समाजास नवी नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली सुरू झाली. व्याख्यानमाला हा ग्रंथालयाचा अलंकार आहे, हे मान्य. परंतु व्याख्यान झाल्यावर किती श्रोत्यांनी त्या विषयावरचे पुस्तक नेले, याची नोंद क्वचितच ठेवली जाते. व्याख्यात्याच्या मेजाशेजारी त्या विषयावरील ग्रंथ मांडून ठेवावेत आणि सभा संपताच तेथेच त्यांची देवघेव व्हावी. एरवी सभागृहाचा दिवा मालवल्याबरोबर विषयही मालवला जातो.

दिवाळी हा मराठी ग्रंथालयाचा सुगीचा काळ. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या अंकांनी मराठी वाचकास वेड लावले आहे. त्यासाठी निराळी वर्गणी घेऊन अंक फिरते ठेवण्याची योजना अनेक ग्रंथालयांत चालते, आणि वर्षभर न फिरकणारा सभासदही त्या दोन-तीन महिन्यांत नियमाने येतो. हेच अंक पुढे काय होतात? माघ-फाल्गुनात ते गठ्ठे बांधून ठेवले जातात. त्याऐवजी वीस-वीस अंकांच्या पेट्या करून त्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याच्या उपाहारगृहात, बसआगाराच्या विश्रांतिगृहात आणि रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात संबंधितांच्या अनुमतीने ठेवता येतील. दोन फेऱ्यांच्या मधल्या अर्ध्या तासात चालक-वाहकास कादंबरी वाचून होणार नाही, पण एक कथा खचित होईल. काही अंक फाटतील, काही हरवतील. बडोद्याच्या पेट्यांतील पुस्तकेही हरवत असतीलच. म्हणून कोणी पेट्या थांबविल्या नाहीत.

१ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव आणि १४ नोव्हेंबरपासून राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह. मराठी ग्रंथालयाने हा पंधरवडा शेजाऱ्याचा मानावा. धारवाडच्या मराठीभाषक घरात १८९६ साली जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे कन्नडचे थोर कवी झाले आणि त्यांना ‘नाकु तंती’साठी ज्ञानपीठ पुरस्कार लाभला, मराठीतही त्यांनी लेखन केले. त्याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी यांनी महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत आयुष्याची ऐन वर्षे घालविली आणि मराठी कथेला नवी खोली दिली. एकाच गावातील दोन घरांतून दोन भाषांना मिळालेले हे देणे आहे. भैरप्पांनी आपल्या अध्यापनकार्याच्या आरंभी काही काळ हुबळीच्या महाविद्यालयात शिकविले; त्यांच्या कादंबऱ्या उमा कुलकर्णी यांच्या अनुवादांमुळे मराठी वाचकाच्या घरच्या झाल्या. तेव्हा मराठी ग्रंथालयात एक कपाट असे असावे की ज्यात एका बाजूस कन्नड मूळ आणि तिच्याशेजारी मराठी अनुवाद, तसेच मराठी मूळ आणि तिच्याशेजारी कन्नड अनुवाद असेल. एखादा कन्नड वाचक ते पाहावयास आला, तर तो सभासद झाला नाही तरी चालेल. तो आला, याची नोंद व्हावी. धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेने १९३३ पासून वार्षिक वर्गणीदारांच्या बळावर कन्नडमधील उत्तमोत्तम पुस्तके घरोघर पोहोचविली. वर्गणीदारांवर विसंबून वाङ्मयाची चळवळ चालविता येते, याचा दाखला असा शेजारीच आहे.

पौष-माघात स्पर्धापरीक्षांचे विद्यार्थी अभ्यासिकेत गर्दी करतात. या मुलांविषयी सभासदांत कुरबूर ऐकू येते: ते जागा अडवितात, पुस्तके नेत नाहीत. कुरबूर खरी आहे. हा विद्यार्थी ग्रंथालयात येतो, पण ग्रंथांकडे येत नाही. तथापि दिवसाचे आठ तास जो तरुण ग्रंथालयाच्या छपराखाली बसतो, त्याला वाचक करून घेणे हे दाराबाहेरच्या कोणाहीपेक्षा सोपे आहे. त्याच्या मेजावर दर आठवड्याला एक पातळसे पुस्तक ठेवावे, न मागता. त्याने उघडले नाही तर पुढच्या आठवड्यात दुसरे ठेवावे. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन साजरा होतो. त्या दिवशी प्रौढांच्या भाषणांऐवजी या तरुणांपैकी दोघा-तिघांनी वाचलेल्या पुस्तकाविषयी बोलावे.

मार्चमध्ये ग्रंथपडताळणी. फळीवरून प्रत्येक पुस्तक काढून दाखलनोंदवहीशी ताडून पाहण्याचे हे काम कंटाळवाणे आहे. त्याचा कोणी सत्कार करीत नाही. परंतु कोणते पुस्तक दहा वर्षांत एकदाही बाहेर गेले नाही आणि कोणते इतके फिरले की शिवण सुटली, हे याच वेळी कळते. ग्रंथालयाचे खरे आत्मचरित्र त्या तारखांच्या शिक्क्यांत असते. हे काम करणारा ग्रंथपाल आणि त्याचा सहायक यांचे वेतन किती, हा प्रश्न मात्र पुष्कळ संस्थांत अवघड समजून टाळला जातो. नव्या इमारतीस देणगी मिळते, कारण इमारतीवर नाव कोरता येते. घरपोच पिशवी नेणाऱ्या मुलाच्या मानधनावर नाव कोरता येत नाही, आणि ग्रंथपालाच्या वेतनवाढीची कोनशिला बसविता येत नाही. आश्रयदात्यांच्या औदार्याविषयी पूर्ण आदर राखून हे सांगितले पाहिजे की शताब्दीनंतरच्या ग्रंथालयास दगडांपेक्षा माणसांची उणीव अधिक भासणार आहे.

येथे बडोद्याची तिहेरी वाटणी पुन्हा उपयोगी पडते. गोकुळ रोडवरील प्रत्येक ग्रंथपेटीचा आणि प्रत्येक घरपोच फेरीचा वर्षाचा खर्च काढावा. त्याचा एक हिस्सा ग्रंथालयाने वर्गणीतून द्यावा. दुसरा एखाद्या आश्रयदात्याने, इमारतनिधीऐवजी, एका वर्षापुरता उचलावा. तिसरा, कितीही लहान असला तरी, जेथे पेटी जाणार त्या कारखान्याने, आगारातील कर्मचाऱ्यांनी किंवा गृहनिर्माण संस्थेने घालावा. फुकट आलेली पेटी कोपऱ्यात पडते; ज्यासाठी चार माणसांनी खिशात हात घातला, ती पेटी उघडली जाते.

आणि हे सर्व झाले वा न झाले, याची नोंद राहावी. यापुढील वार्षिक अहवालात कार्यक्रमांच्या यादीनंतर एक पान जोडावे. त्याचा मथळा ‘सभासद नसलेल्यांची सेवा’ असा असावा. त्यात पाचच रकाने पुरेत: मराठी वाचावयास शिकलेली मुले, घरपोच गेलेली पुस्तके, बाहेर ठेवलेल्या पेट्या, ध्वनिमुद्रित ग्रंथ आणि भेटीस आलेले अन्यभाषक वाचक. पहिल्या वर्षी काही रकान्यांत शून्य लिहावे लागेल. ते शून्य छापावे, वगळू नये. वार्षिक सर्वसाधारण सभेत जमाखर्चावर जशी चर्चा होते, तशीच त्या पानावरही व्हावी, आणि शून्य का राहिले हे सभासदांनी कार्यकारी मंडळास विचारावे.

शंभर अहवालांनी या ग्रंथालयाचा पूर्वार्ध लिहिला आहे. एकशेएकाव्या अहवालात ते नवे पान असावे, ही विनंती ग्रंथालयाच्या सभासदांपुढे आणि आश्रयदात्यांपुढे ठेवून हे विवेचन येथे पूर्ण होते.